खात्री कशावर उभी राहते?



ज्या पाळकसाहेबांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना मी दृढीकरणाचे वर्ग घेताना पाहिले आहे. मुलांनी उत्तरे घडाघडा म्हणून दाखवली की ते पुस्तक मिटायला लावत आणि विचारत, "हे खरे नसते, तर तुझे काय बिघडले असते?" मुले गप्प व्हायची. त्यांचा तोच प्रश्न आज मी आपल्यापुढे ठेवणार आहे. आयोजकांनी मला 'ख्रिस्ती विश्वासात सुशिक्षणाचे महत्त्व' असा विषय दिला. सुशिक्षण म्हणजे देव, ख्रिस्त, पाप आणि तारण यांविषयी मंडळीला प्रेषितांकडून मिळालेली निरोगी शिकवण. ती चुकली किंवा पुसट झाली, तर साध्या विश्वासणाऱ्या माणसाचे काय बिघडते?

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. बिघडते ती खात्री. देवाने मला क्षमा केली आहे, मी त्याचा आहे आणि मरणानंतरही त्याचाच राहीन, ही खात्री ख्रिस्ताने काय केले यावर उभी असते. आणि त्याने काय केले हे सांगण्याचे काम शिकवणीचे आहे. शिकवण ढिली झाली की खात्रीचा सगळा भार माणसाच्या स्वतःच्या मनःस्थितीवर येऊन पडतो. आज प्रार्थनेत मन लागले म्हणून मी तारलेला, काल लागले नव्हते म्हणून कोण जाणे! अशा हिंदकळण्यात आयुष्य काढणारी कितीतरी प्रामाणिक माणसे आपल्या मंडळ्यांत आहेत. त्यांची काळजी वाटते म्हणून मी आज बोलतो आहे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण घेतो. एक तर ते आपल्या भाषेतले, आपल्या मातीतले आहे. आणि दुसरे म्हणजे वरवर पाहता ते माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाते. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही मुलगी 1858 साली जन्मली. आईवडिलांनी तिला संस्कृत शिकवले. दुष्काळाच्या दिवसांत आईवडील आणि बहीण गेली, मग भावाबरोबर हिंदुस्थानभर पायी भटकंती झाली, कोलकात्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरव केला, 1882 मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी वारले, आणि पुढच्या वर्षी कडेवरच्या मुलीला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज येथे रमाबाईंचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

त्यांना ख्रिस्ताकडे ओढणारी पहिली गोष्ट शिकवणीची नव्हती. लंडनमधल्या फुलहॅम येथे वाँटेजच्या ख्रिस्ती संघातल्या भगिनी, समाजाने टाकलेल्या स्त्रियांना कशा वागवतात, हे त्यांनी पाहिले. आपल्याकडे अशा स्त्रीला कोणी जवळ करत नाही आणि इथे तिला उचलून उभे करतात, हे असे का, असा त्यांचा प्रश्न होता. त्या भगिनींनी त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्री वाचून दाखवली. बुद्धीला पटवण्याचे काम फादर नेहेम्या गोऱ्हे यांच्या लिखाणाने केले. बाप्तिस्मा झाला, पण दोनच वर्षांत, 1885 मध्ये, त्याच संघातल्या सिस्टर जेराल्डाइन आणि रमाबाई यांच्यात पत्रांतून जोरदार वाद सुरू झाला. त्रैक्याची शिकवण, अथनेशियसच्या नावाने चालणारा मतांगीकार, चर्चचा अधिकार या सगळ्यांवर रमाबाईंनी रोखठोक प्रश्न विचारले. एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने झुगारले, आता दुसऱ्याचे मानेवर घेणार नाही, अशा आशयाचे त्यांनी लिहिले. हा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने 1977 मध्ये प्रसिद्ध केला आहे. ज्याने तो वाचला नसेल त्याने जरूर वाचावा. सिस्टर जेराल्डाइन यांच्या बाजूने प्रेम होते, धाकही होता. मात्र 'चर्च सांगते म्हणून मान' हे उत्तर शास्त्र्याच्या मुलीला पुरणारे नव्हते. माझ्या मते रमाबाईंचे प्रश्न योग्य होते. शिकवण कुणाच्या हुकमाने गळी उतरवायची नसते. ती शास्त्रातून दाखवून द्यावी लागते.

पुढे त्या अमेरिकेला गेल्या, 1889 मध्ये परतल्या, मुंबईत शारदा सदन काढले, दुसऱ्या वर्षी ते पुण्याला हलवले. सेवेचा डोंगर उभा राहिला. आणि मग, बाप्तिस्म्यानंतर साधारण आठ वर्षांनी, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नाही, अशी जाणीव त्यांना झाली. 1907 मधल्या आपल्या साक्षीत त्यांनी हे स्वच्छ लिहून ठेवले आहे. विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्लिश पाळकाचे आत्मकथन त्यांच्या हाती पडले. हा माणूस दीक्षित पाळक असूनही तारणाचा अनुभव नसलेला होता. 1851 मध्ये कॉर्नवॉलमधल्या बाल्धू येथे स्वतःचेच प्रवचन करता करता त्याचे मन पालटले. ते वाचून रमाबाईंनी पवित्र शास्त्र उघडले आणि आपले नेमके कुठे अडले आहे ते शोधले.

आता सांगा, या काळात रमाबाईंकडे काय नव्हते? बाप्तिस्मा होता. बुद्धीची मान्यता होती. दीनदुबळ्यांची सेवा तर त्यांच्याइतकी कुणी केली नसेल. ख्रिस्ताविषयी आदर होता, येशूच्या करुणेने त्यांचे मन केव्हाच जिंकले होते. नव्हते ते एकच: माझ्या पापाची भरपाई दुसऱ्या कुणीतरी पूर्ण करून टाकली आहे आणि मला ती फुकट मिळते, हे त्यांना अजून उमगले नव्हते. यालाच पौल विश्वासाने नीतिमान ठरणे म्हणतो. म्हणजे रमाबाईंच्या अनुभवाला आशय होता, आणि तो आशय शिकवणीचा होता. साक्षीत त्या आपल्याला किती आनंद झाला एवढेच सांगून थांबत नाहीत. तो आनंद कशावरून झाला हे शास्त्रवचने पुढे ठेवून मांडतात.

त्या मांडणीतला एक भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. लहानपणापासून त्यांनी ऐकले होते की स्त्रीला वेद नाही, मोक्ष नाही. पुढचे जन्म घेत घेत ब्राह्मण पुरुषाच्या जन्माला यावे, तेव्हा कुठे ब्रह्मज्ञानाचा अधिकार. अशा स्त्रीला कुणी 'देव प्रेमळ आहे, चांगले वागा' एवढेच सांगितले असते, तर तिचा प्रश्न तसाच राहिला असता: त्या प्रेमात मी बसते का? रमाबाईंना जे सापडले ते काटेकोर होते. जात नाही, लिंग नाही, कर्म नाही, मधला माणूस नाही; देवाच्या पुत्रावर विश्वास ठेवणाऱ्या कोणालाही हे तारण मिळते. या एकेका नकाराने त्यांच्या मागे लागलेली एकेक भीती संपवली. शिकवण जितकी नेमकी, तितका तिचा आधार भक्कम, याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही.

अमेरिकेत त्यांना नाना पंथ भेटले. एकत्ववादी, मॉर्मन, भुतांशी बोलणारे, थिऑसॉफीवाले. त्यांच्या शिकवणी रमाबाईंना जुन्याच वाटल्या. हे सारे आपण हिंदुस्थानात आधीच पाहिले आहे, असे त्यांनी लिहिले. तुलना करता येत होती म्हणून पारख झाली. पुढे 1905 मध्ये रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनात मोठे संजीवन झाले. मुली रडत होत्या, तासन्‌तास प्रार्थना करत होत्या, देशोदेशीची माणसे पाहायला येत होती. मराठी मंडळीच्या इतिहासात भावनेचा एवढा लोट क्वचितच आला असेल. तो ज्यांच्या दारात आला, त्या रमाबाईंनी आपली उरलेली वर्षे कशात घातली? हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करण्यात. कमी शिकलेल्या बाईलाही कळावे अशी साधी मराठी त्यांना हवी होती. मुक्तीच्या छापखान्यात स्त्रिया खिळे जुळवत, मुद्रिते तपासली जात. मुलगी मनोरमा 1921 मध्ये गेली, तरी काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई वारल्या तेव्हा भाषांतर पुरे झाले होते. 1924 मध्ये ते प्रसिद्ध झाले. अश्रू ओसरल्यावर मुलींच्या हातात काय उरावे, याचा विचार करणाऱ्या बाईचे हे काम आहे.

आता गोऱ्हे. त्यांचे नाव घेतल्याशिवाय हा विषय सोडणे अप्रामाणिकपणाचे होईल, कारण माझ्या म्हणण्याला खरे आव्हान त्यांच्या आयुष्याचे आहे.

नीळकंठशास्त्री गोऱ्हे (पुढचे फादर नेहेम्या), चित्पावन घराणे, जन्म 1825, काशीत वाढलेले. तरुणपणी त्यांनी ख्रिस्ती धर्माच्या खंडनासाठी संस्कृतात ग्रंथ लिहिला. ज्याचे खंडन करायचे तो धर्म नीट समजून घ्यावा म्हणून ते वाचत राहिले आणि 1848 मध्ये जौनपूर येथे बाप्तिस्मा घेऊन बसले. 1860 मध्ये त्यांचे 'षड्दर्शनदर्पण' निघाले. सहा दर्शनांची इतकी बारकाईने चिकित्सा करणारा ख्रिस्ती विद्वान त्या काळी विरळाच. शिकवणीच्या बाबतीत ते कडक. त्रैक्य, अवतार, प्रायश्चित्त, चर्चचा अधिकार यांत तडजोड नाही. आणि याच माणसाला आयुष्यभर शंकांनी छळले. बाप्तिस्मा घेतल्यावरही मन आतून सलत राहिले. एका मंडळीतून दुसऱ्या परंपरेकडे ते अधिकाराच्या शोधात गेले, शेवटी काउलीच्या संन्यस्त संघात राहिले. 1895 मध्ये मुंबईत त्यांचा अंत झाला.

मग सुशिक्षणाने खात्री मिळते, हे म्हणणे कोसळले का? मी बरीच वर्षे या माणसाचा विचार केला आहे, आणि मला दोन गोष्टी दिसतात. गोऱ्ह्यांच्या मनाची घडणच अशी होती की प्रत्येक उत्तराची पुढची बाजू त्यांना दिसायची. अशा माणसाला भावनेवर जगायला सांगितले असते, तर तो वर्षभरही टिकला नसता. शंका असूनही ते जवळजवळ 47 वर्षे ख्रिस्ताला धरून राहिले, ते त्यांच्या मनाबाहेर, त्यांच्या मनाच्या चढउतारांवर अवलंबून नसलेले असे काहीतरी होते म्हणून. दुसरी गोष्ट जरा कठोर आहे. अचूक मत मांडणे आणि त्यावर विसावणे यांत अंतर आहे. भुतेदेखील देव एक आहे असे मानतात आणि थरथरतात, असे याकोब सांगतो. शिकवण दार दाखवते. आत पाऊल टाकावेच लागते. गोऱ्ह्यांनी ते टाकले नव्हते असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. त्यांची मुलगी एलेन लक्ष्मी गोऱ्हे हिने देवाच्या सान्निध्यातल्या विसाव्यावर लिहिलेले इंग्रजी गीत जगभरच्या मंडळ्यांनी गायले, आणि ज्यांना रमाबाईंनी गुरुस्थानी मानले त्या गोऱ्ह्यांचेच शब्द रमाबाईंना दारापर्यंत घेऊन आले. शंकाकुल माणसाची शिकवण दुसऱ्याला खात्रीपर्यंत नेऊ शकते, कारण तिचे बळ सांगणाऱ्याच्या मनात नसते.

ही काही नवी गोष्ट नव्हे. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिले तेव्हा ख्रिस्ताच्या वधस्तंभाला जेमतेम पंचवीस वर्षे झाली होती. त्या मंडळीत उत्साह ओसंडत होता; भाषा बोलणारे, संदेश देणारे पुष्कळ. आणि त्यातच काही जण मेलेल्यांचे पुनरुत्थान नाही असे म्हणू लागले. पौल त्यांच्या उत्साहाचे कौतुक करत बसत नाही. तो आपल्याला मिळालेली, पुढे दिलेली चार वाक्यांची शिकवण समोर ठेवतो: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला, अमुक अमुक लोकांना दिसला. मग सांगतो की हे खोटे असेल, तर तुमचा विश्वास वाया, तुम्ही अजून पापातच, आणि तुमची मेलेली माणसे गेली ती गेलीच. आमच्या पाळकसाहेबांचा वर्गातला प्रश्न मुळात पौलाचा.

निकीया परिषदेला 2025 मध्ये 1700 वर्षे झाली. त्या निमित्ताने ठिकठिकाणी भाषणे झाली, पण बहुतेक ठिकाणी बादशहा कॉन्स्टंटाइन आणि राजकारण यांवरच भर राहिला, याचे मला वाईट वाटते. परिषदेपुढे वाद होता तो हा: आलेक्झांड्रियाचा वडील आरियस म्हणत होता की पुत्र सर्वांहून थोर आहे, सृष्टीच्या आधीचा आहे, पण निर्माण केलेला आहे. ऐकायला किती नम्र, किती सोपे! परिषदेला डीकन म्हणून आलेला अथनेशियस पुढे बिशप झाला आणि या एका मुद्द्यासाठी पाच वेळा हद्दपार झाला. त्याची सतरा वर्षे हद्दपारीत गेली. तो एवढा का भांडला? त्याचा विचार तारणाच्या बाजूने चालत होता. जो स्वतः निर्माण केलेला आहे, तो निर्माण केलेल्या इतरांना देवाशी जोडू शकत नाही. वधस्तंभावर देव स्वतः आला नसेल, कुणी थोर दूत पाठवून दिला असेल, तर देवाचे माझ्याविषयीचे मन मला अजून कळलेलेच नाही. येशूने क्षमा केली, पण पित्याचे काय? आरियसच्या ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्याला हा प्रश्न मरेपर्यंत सोडणार नाही. दर रविवारी आपण मतांगीकारात पुत्र पित्याशी एकतत्त्व असल्याचे म्हणतो, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर देत असतो. म्हणताना बहुतेकांचे लक्ष नसते; माझे स्वतःचेही दर वेळी असतेच असे नाही.

ल्यूथर आणि मठातली त्याची तासन्‌तासांची पापकबुली आपल्याला माहीत आहे, ती पुन्हा सांगत नाही. पुढे मन खचले की तो स्वतःच्या विश्वासाची नाडी बघत बसायचा नाही. माझा बाप्तिस्मा झाला आहे, देवाने मला वचन दिले आहे, असे म्हणायचा. 1529 च्या मोठ्या प्रश्नोत्तरावलीत त्याने हेच शिकवले.

जॉन वेस्लीची गोष्ट मात्र मुद्दाम सांगायला हवी, कारण ती नेहमी अर्धी सांगितली जाते. 24 मे 1738 च्या संध्याकाळी लंडनमधल्या आल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका सभेत त्याचे अंतःकरण विलक्षण ऊबदार झाले. मेथॉडिस्ट मंडळ्यांत दरवर्षी हा दिवस पाळतात, आणि प्रवचनात सांगतात की बघा, धर्म मेंदूत नसतो, हृदयात असतो. पण त्या सभेत त्या वेळी काय चालले होते? कुणीतरी ल्यूथरने रोमकरांस पत्राला लिहिलेली प्रस्तावना वाचत होते. प्रस्तावना! विश्वास म्हणजे काय, नियमशास्त्र म्हणजे काय, कृपा म्हणजे काय, यांच्या व्याख्या सांगणारा मजकूर. पौणेनऊच्या सुमारास तो ऐकता ऐकता वेस्लीला कळले की ख्रिस्ताने माझी, माझीच पापे दूर केली आहेत. ऊब आली ती त्या मजकुरातून आली. आगीशिवाय ऊब मागणाऱ्यांनी वेस्लीचे नाव घेऊ नये.

कॅथलिक बांधवांच्या बाबतीत आपण प्रॉटेस्टंट लोक एक अन्याय करतो, त्याविषयी थोडे बोलतो. 1547 च्या जानेवारीत ट्रेंटच्या परिषदेने ठरवले की आपल्याला कृपा मिळालीच आहे हे कोणी विश्वासाच्या अचूक खात्रीने जाणू शकत नाही. आम्ही याचा अर्थ लावला की त्यांच्याकडे खात्रीच नाही. त्यांना भीती होती ती बेफिकिरीची. आमच्या काही लोकांचे वागणे पाहता ती अगदीच अनाठायी नव्हती. 31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन जागतिक महासंघ यांनी नीतिमान ठरण्याविषयीच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. त्यात तारणाच्या खात्रीवर स्वतंत्र विभाग आहे. माणूस स्वतःकडे पाहून नव्हे, देवाच्या वचनाकडे पाहून निश्चिंत राहू शकतो, यावर दोन्ही बाजूंचे एकमत झाले. साडेचारशे वर्षांचे भांडण शिकवण बाजूला ठेवून मिटले नाही. ती मांडीवर घेऊन, ओळ न् ओळ वाचून जेवढे मिटायचे तेवढे मिटले.

'मते माणसांना तोडतात, प्रेम जोडते' असे आपल्याकडे वारंवार ऐकू येते. मला हे वाक्य घातक वाटते. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली. सहा मंडळ्या एकत्र आल्या. त्यांची बोलणी 1929 पासून चालली होती. एवढी वर्षे ही माणसे काय करत होती? कोणत्या गोष्टी सोडता येणार नाहीत आणि कोणत्या बाबतीत एकमेकांना मोकळीक द्यायची, हे ठरवत होती. प्रेषितांचा आणि निकीयाचा मतांगीकार राहिला. बाळांचा बाप्तिस्मा आणि प्रौढांचा बाप्तिस्मा दोन्ही एका छताखाली मान्य झाले. महत्त्वाचे काय आणि दुय्यम काय, हे वेगळे करणे हेही शिकवणीचेच काम आहे. ज्याला शिकवण नाही त्याला हा भेद करता येत नाही. म्हणून तो कधी सगळ्याच गोष्टींवर भांडतो, कधी कशावरच उभा राहत नाही.

आता आजच्या मंडळीकडे येतो. मी पाळक म्हणून काम केलेल्या एका गावातली गोष्ट आहे. एका बाईंचे यजमान मूत्रपिंडाच्या आजाराने गेले. मी भेटायला गेलो तेव्हा डायलिसिसची फाइल अजून टीव्हीखालच्या खणात होती, वर औषधाची अर्धी पट्टी. त्या मला काही दाखवत होत्या. कुठल्याशा आरोग्यसभेचे कार्ड होते. तिथे त्यांना सांगितले होते की संशय न ठेवता मागा, माणूस बरा होणारच. त्यांनी उपास केले, कर्ज काढून दान दिले, काही दिवस डायलिसिसही टाळले, कारण दवाखान्यात जाणे म्हणजे अविश्वास. यजमान गेल्यावर त्याच सभेतल्या एका कार्यकर्त्याने त्यांना सांगितले की तुमचा विश्वास कमी पडला. बाई रडत नव्हत्या. त्यांनी मला शांतपणे विचारले, "पाळकसाहेब, किती ठेवायला हवा होता?"

त्या प्रश्नाने मला जितके अस्वस्थ केले, तितके कुठल्या पुस्तकाने केलेले नाही. या बाईंकडे भावना कमी नव्हती. प्रार्थना कमी नव्हती, त्याग तर आपल्या कुणापेक्षाही जास्त होता. त्यांना दिलेली शिकवण खोटी होती. देवाचे वचन आणि माणसाची इच्छा यांत तिने घोटाळा केला होता, आणि सगळा हिशेब एका बाईच्या मनाच्या ताकदीवर टाकला होता. मी त्यांना सांगितले की पौलाने आपल्या शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनंती केली, तो गेला नाही, आणि पौलाचा विश्वास कमी पडला असे कोणी म्हटलेले नाही. प्रभूने उठवलेला लाजारदेखील पुढे कधीतरी वारलाच. मोहरीच्या दाण्याएवढा विश्वासही पुरतो असे प्रभू म्हणाला, कारण धरणारा हात लहान असला तरी ज्याला धरले तो मोठा आहे. बाईंना त्या दिवशी समाधान झाले असे मी सांगणार नाही, झाले नाही. पुढच्या काही महिन्यांत हळूहळू झाले, आणि त्या काळात आम्ही दोघांनी, त्यांच्या जावेला सोबत घेऊन, रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय किती वेळा वाचला असेल, सांगता येत नाही.

अशा वेळी 1563 ची हायडेलबर्गची प्रश्नोत्तरावली मला फार जवळची वाटते. झकारियास उर्सिनस हा तिचा मुख्य कर्ता तेव्हा तिशीच्या आतला होता. एकूण 129 प्रश्न आहेत, आणि पहिलाच प्रश्न जगण्यात आणि मरणात तुला एकमेव दिलासा कोणता, असा आहे. देव कोण, जग कोणी केले, हे सारे नंतर. उत्तराचा गाभा असा की मी माझा स्वतःचा नाही, माझ्या विश्वासू तारणाऱ्या ख्रिस्ताचा आहे. शिकवणीचे पुस्तक दिलाशाने उघडते, आणि मग पुढचे 128 प्रश्न त्या दिलाशाची कारणे सांगतात. माझ्या मते ख्रिस्ती शिक्षणाचा क्रम असाच असावा.

एक सावधगिरी. खात्री म्हणजे परवाना नव्हे. योहानाने आपले पहिले पत्र, विश्वास ठेवणाऱ्यांना सार्वकालिक जीवन आपल्याजवळ आहे हे कळावे म्हणून लिहिले; आणि त्याच पत्रात तो बंधूवर प्रीती न करणाऱ्याला खोटा म्हणतो. येशू देहाने आला हे कबूल करणे, आज्ञा पाळणे, एकमेकांवर प्रीती करणे, या तिन्ही खुणा तो एकत्र विणतो. सतराव्या शतकात वेस्टमिन्स्टरच्या विश्वासपत्राने आणखी एक दयाळू गोष्ट मान्य केली: खऱ्या विश्वासणाऱ्यालाही पूर्ण खात्री मिळायला पुष्कळ काळ लागू शकतो. गोऱ्ह्यांसारख्यांसाठी हे वाक्य मला मोलाचे वाटते.

मराठी मंडळीला शिकवण मिळाली ती बव्हंशी गाण्यातून. नारायण वामन टिळक तुकारामाच्या वाटेने ख्रिस्ताकडे आले असे स्वतः सांगत. त्यांची भजने 'उपासना संगीता'त आहेत, आणि अक्षरओळख नसलेल्या आजींनाही ती पाठ होती. त्या भजनांत ख्रिस्ताचा अवतार आहे, वधस्तंभ आहे, क्षमा आहे. आजी मरणाच्या बिछान्यावर ती गुणगुणायच्या तेव्हा त्यांच्या ओठांवर शिकवण असायची, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. आज तरुण मुले नवी गीते गातात, जोशात गातात. मला त्यांच्या वाद्यांविषयी तक्रार नाही. ज्या गीतात पाच कडव्यांत मला काय वाटते एवढेच आहे आणि ख्रिस्ताने काय केले ते एकदाही येत नाही, ते गीत मुलांना अडचणीच्या दिवशी उपयोगी पडणार नाही. गीते निवडणाऱ्यांनी एवढे पाहावे.

शेवटी काही विनंत्या करतो. पाळकांना: दृढीकरणाचा वर्ग चार रविवारांत उरकू नका. मुलांना रोमकरांस पत्राचे पहिले आठ अध्याय आणि योहानाचे पहिले पत्र सावकाश शिकवा, आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नांना 'मोठे झाल्यावर कळेल' असे उत्तर देऊ नका. वडीलमंडळाला: बाहेरच्या वक्त्याला व्यासपीठ देण्यापूर्वी तो काय शिकवतो याची चौकशी करा, गर्दी किती जमवतो याची नंतर करा. आईवडिलांना: मतांगीकार घरी म्हणा, आणि एकेका वाक्यापाशी थांबून मुलांना अर्थ सांगा. येत नसेल तर आपल्या पाळकांना विचारा. त्यांना विचारलेले आवडते. आणि इथे बसलेल्यांपैकी ज्यांच्या मनात आपल्या तारणाविषयी शंका आहे, त्यांना माझे सांगणे आहे की लाज वाटू देऊ नका. या आठवड्यात आपल्या पाळकांकडे जा, शंका त्यांच्यापुढे स्पष्ट शब्दांत मांडा, आणि शास्त्रातून उत्तर मिळेपर्यंत उठू नका.